तुझी कॅरॅव्हॅन मी विकली

प्रिय दिलीप,

लग्नानंतर तुझ्या आईंसमोर सुरू झालेलं 'अहो' मी सव्वीस वर्षं चालवलं. आज ते जमत नाही. ज्याच्यावर इतकं चिडायचं आहे त्याला अहोजाहो करत बसायचं त्राण माझ्यात नाही, म्हणून आज 'तू'.

तुला जाऊन चौदा महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला पत्र लिहावंसं वाटलं नाही. वाईट वाटत होतं, आठवण येत होती, रडणंही होत होतं; लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण गेल्या गुरुवारी रफीकभाईने मला एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून तुला समोर बसवून जाब विचारावा असं वाटतं आहे. समोर तू नाहीस. मग हा कागद.

कॅरॅव्हॅनला गिऱ्हाईक लागलं होतं, म्हणून मी रफीकभाईला त्याच्या गॅरेजात ती तपासायला सांगितलं होतं. हा तुझा दापोलीचा रफीक, सौदीतल्या या हाइल शहरातला तुझा एकुलता एक मित्र. तो चाकाची बेअरिंगं काढून ग्रीस भरत होता. मी चहाचा थर्मास घेऊन गेले. त्याने हात पुसले, पण कप घेतला नाही.

"वहिनी, मला एक बोलायचंय. वर्षभर छातीवर दगड घेऊन फिरतोय."

मला वाटलं, याला कॅरॅव्हॅन स्वतःला हवी आहे.

"त्या ट्रिपच्या दोन दिवस आधी दिलीपभाई इथंच, हेच चाक काढत होते. मध्येच खाली बसले. घामाने शर्ट भिजलेला. म्हणाले, छातीत आवळल्यासारखं होतंय. मी म्हटलं, वहिनींना फोन लावतो. तर माझा हात धरला. म्हणाले, तिला सांगू नकोस, ट्रिप कॅन्सल करेल."

दिलीप, हे तू म्हणालास?

एका नर्सच्या नवऱ्याने हे म्हणावं? माझ्या वॉर्डातून खाली दोन जिने उतरलं की ईसीजीची खोली. तू त्याच हॉस्पिटलचा एसी प्लांट सांभाळत होतास. रोज त्या खोलीच्या दारावरून जात होतास. दहा मिनिटांचं काम होतं. आणि तू काय केलंस? पित्ताची गोळी घेतलीस, बेअरिंग बसवलंस आणि घरी येऊन मला म्हणालास, "झाली बघ तयार."

मी रफीकभाईला खूप बोलले. नको ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. घरी आल्यावर मला कळलं, त्याच्या वाट्याचं नव्हतं ते, तुझ्या वाट्याचं होतं.

आता पहिल्यापासून बोलू दे. तू असताना असं सलग कधी बोलूच दिलं नाहीस.

आपल्या हॉस्पिटलमधला ऑस्ट्रेलियन डॉक्टर परत जायला निघाला, तेव्हा त्याने ती कॅरॅव्हॅन तुला दाखवली. गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. त्यांच्या देशात शेकडो मैल माणूस नसलेल्या रस्त्यांवर न्यायला बनवलेलं, म्हणून इथल्या नफूद वाळवंटाच्या वाळूतही चालणारं. दोन पाण्याच्या टाक्या, छपरावर सोलर, एवढासा ओटा, एक पलंग. तू त्या दिवशी जेवलाच नाहीस. कितीतरी वर्षांनी तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी हवं असल्याची खूण दिसली, म्हणून मीच म्हटलं, घेऊन टाक. हेही लक्षात ठेव. घे म्हणणारी मीच होते.

ताबा द्यायला त्या डॉक्टरची बायको आली होती, आठवतं? साठीच्या पुढची बाई. हातात चामड्याचे मोजे चढवले आणि गाडीचं आणि कॅरॅव्हॅनचं कपलिंग सोडून दाखवलं, पुन्हा जोडून दाखवलं. नवरा बाजूला सफरचंद खात उभा. तिने मोजे काढून माझ्यापुढे धरले, "आता तू." मी हात पुढे केला होता, दिलीप. तू मध्ये आलास. हसून म्हणालास, "राहू दे, मी करतो."

त्यानंतर चार हिवाळे तू ते एकच वाक्य बोलत राहिलास. टायरची हवा कमी करायची, राहू दे. टाकी भरायची, राहू दे. दाराच्या रबरी पट्ट्यांतून धूळ आत येते म्हणून तू त्या दर उन्हाळ्यात बदलायचास, त्या सरळ धरायलाही तुला मी नको होते. मला काय काम होतं? पोहे करायचे आणि "किती छान" म्हणायचं.

आणि खरंच छान होतं. खोटं कशाला बोलू? सकाळी दार उघडलं की समोर तांबडी वाळू, आणि तू उघड्यावर खुर्ची टाकून बसलेला, मिरजेत किंवा या फ्लॅटमध्ये कधीच नसायचास इतका शांत. त्या शांत माणसासाठी मी बाकी सगळं चालवून घेतलं. माझीही चूक आहे. हट्ट धरायला हवा होता. पण हट्ट केला की तू दोन दिवस बोलायचा नाहीस, आणि सुट्टीचे दिवस मोजकेच.

त्या बाईने जाताना सांगितलं होतं, सॅटेलाइट फोन घ्या, मोबाईलच्या भरवशावर आत शिरू नका. तू मला नंतर म्हणालास, "हे काय ऑस्ट्रेलिया आहे?" 

मग ती शुक्रवारची सकाळ. जुब्बा गावाच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून तासभर आत. चहाचा कप तुझ्या हातातून वाळूत पडला. मी वळून बघितलं आणि मला क्षणात समजलं. तो रंग मला माहीत आहे. मी तुला ॲस्पिरिन चावायला लावली, कॉलर सैल केली, मोबाईल बघितला. रेंज नव्हती.

"दुखतंय कधीपासून?" मी विचारलं.

"आत्ताच," तू म्हणालास.

आत्ताच! मरणाच्या दारातही खोटं बोललास.

एकच रात्र राहायचं असलं की तू कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडायचा नाहीस. तुला बाजूच्या सीटवर बसवून मी तशीच निघाले. हायवेवर मी गाडी चालवत होते, पण मागे ते धूड जोडून वाळूत कधी चालवू दिली होतीस? पहिल्याच चढावर चाकं रुतली. गाडीचं तोंड वर, कॅरॅव्हॅन मागे खेचते आहे. ती सोडल्याशिवाय निघणं शक्य नव्हतं.

मी उतरले. तू खिडकीतून सांगत होतास, एकेक शब्द तोडून. "निळी चावी... कुलूप... लिव्हर वर." कुलूप निघालं. विजेची वायर निघाली. साखळ्यांचे नट वाळूने घट्ट झाले होते, ते हातोडीने मारून सोडवले. कॅरॅव्हॅनचं पुढचं छोटं चाक खाली सोडलं तर ते वाळूत घुसलं. "फळी," तू म्हणालास. फळी कुठे ठेवतोस ते मला माहीत नव्हतं. पलंगाखाली, त्या नळ्यांच्या मागे. मी सगळं सामान बाहेर फेकलं तेव्हा सापडली.

आणि लिव्हर. लिव्हर हलेना. मी त्याला लोंबकळले, दिलीप. पायाने लाथा मारल्या. तळहात सोलले. पाऊण तास गेला असेल. शेवटी तुझी नाडी बघायला मी गाडीत चढले, गिअर काढला आणि ब्रेकवरचा पाय जरा सैल झाला. गाडी जराशी मागे सरकली आणि थांबली. खाली उतरून लिव्हर धरलं तर ते लोण्यासारखं वर आलं.

नंतर रफीकभाईने मला समजावलं. चढावर कपलिंगवर ताण येतो. गाडी एक वीत मागे घेतली की ताण जातो. बस, एवढंच. त्या म्हाताऱ्या बाईने पहिल्या पाच मिनिटांत मला हेच शिकवलं असतं.

गाडी सुटली, मी ती वाळूतून काढली. तू डोळे मिटून होतास. मध्येच उघडलेस आणि म्हणालास, "दाराला कुलूप लावलंस?"

"लावलं," मी म्हटलं.

नव्हतं लावलं. दार सताड उघडं होतं आणि आपलं अंथरूण बाहेर वाळूत पडलं होतं. तू मान हलवलीस, बरं वाटल्यासारखी. तू माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. माझं नाव नाही, आपल्या लेकीचं, केतकीचं नाव नाही. कितीतरी महिने मी हे कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगताना मला लाज वाटायची. तुझी नाही, माझी. की मरणाऱ्या माणसाशेजारी बसून मला एका पत्र्याच्या खोक्याचा मत्सर वाटला.

डांबरी रस्ता दिसायला लागला तेव्हा तुझा श्वास थांबला. तुला ओढून वाळूवर घेतलं आणि छाती दाबायला लागले. एक सुदानी उंटवाला धावत आला. त्याला मी हाताने दाखवलं, तो लगेच शिकला. मी थकले की तो, तो थकला की मी. अनोळखी माणूस एका मिनिटात शिकला आणि त्याने मला एकटं सोडलं नाही. तिथे रेंज होती, फोनही त्यानेच केला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्यांनी माझे हात तुझ्यावरून अलगद काढले.

मी नर्स आहे. मला माहीत आहे, पाऊण तास वाचला असता तरी कदाचित तू वाचला नसतास. हे 'कदाचित' मी चौदा महिने उशाला घेतलं होतं. पण ते दोन दिवस? त्या दोन दिवसांपुढे माझ्याजवळ कुठलंच 'कदाचित' नाही. तू वाचला असतास.

तुला मिरजेला न्यायला तीन आठवडे लागले. कागदांवर कागद, सह्यांवर सह्या. केतकी पुण्याहून येऊन स्टेशनजवळच्या त्या घरात एकटी थांबली होती. रफीकभाईने कॅरॅव्हॅन ओढून आणली, आतली वाळू फावड्याने काढली. केतकी फोनवर प्रत्येक वेळी म्हणायची, "आई, प्लीज, जस्ट सेल इट." मी म्हणायची, बघू.

मी काय बघत होते ते आता सांगते. दर शुक्रवारी मी गॅरेजच्या मागच्या आवारात जाऊन ते कपलिंग जोडायला आणि सोडायला शिकत होते. रफीकभाई लांब उभा राहायचा. सपाट जमिनीवर आलं, मग उतारावर, मग वाळूत. बेअरिंगांचं ग्रीस, टायरची हवा, पाण्याचा पंप, सगळं शिकले. कुणासाठी, विचारू नकोस. राग हाताला काम मागत होता.

काल ते गिऱ्हाईक बघायला आलं. लातूरकडचा फार्मासिस्ट, त्याची बायको शाळेत शिकवते. चांगली तरुण जोडी आहे. त्याने सगळं बघितलं, त्याचे डोळे तुझ्यासारखेच चमकत होते. मी किल्ली माझ्याच हातात ठेवून म्हटलं, "आधी तुझी बायको कपलिंग सोडून दाखवेल. मग किल्ली."

तो हसला. "मॅडम, तिला कशाला त्रास? मी आहे ना."

दिलीप, त्या बिचाऱ्या पोराला मी जे बोलले ते ऐकून आवारातले सगळे थांबले. "तू आहेस हे मला दिसतंय. तू नसशील तेव्हा?" एवढ्याने भागलं नाही. नफूदची ती सकाळ सगळी सांगितली, तुझ्या नावासकट. तुझी अब्रू ठेवली नाही.

त्या मुलीने दुपट्टा कमरेला बांधला आणि विचारलं, "काकू, मोजे कुठे आहेत?"

दोन तास आम्ही त्या उतारावर होतो. पहिल्यांदा तिचंही लिव्हर अडकलं. नवरा पुढे झाला, तिनेच त्याला हाताने थांबवलं. मग गाडीत बसली, एक वीत मागे घेतली, उतरली आणि लिव्हर उचललं. मी पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा तिने स्वतःहून केलं. मग मी त्या दोघांना सांगितलं की निघायच्या आधी सॅटेलाइट फोन घ्यायचा, आणि किल्ली तिच्या हातात दिली. त्याच्या नाही.

कॅरॅव्हॅन आवाराबाहेर गेली तेव्हा मला रडू आलं नाही. रफीकभाईला आलं. मी त्याला म्हटलं, "आता तरी चहा घे." त्याने घेतला. गुरुवारच्या बोलण्याची माफी मागितली मी, आणि त्याने ती मागू दिली.

तुला मात्र माफ केलं असं आज लिहिणार नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. का धरू नये? तू माझा नवरा होतास, फोटो नव्हतास. माझ्याशी खोटं बोललास, ते माझ्या काळजीपोटी नाही, एका सहलीपोटी. मला कमजोर समजलास आणि त्यालाच प्रेम म्हणत राहिलास. प्रेम होतंच, ते मी नाकारत नाही. म्हणून तर इतका संताप येतो.

आज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी केतकीला फोन केला आणि रफीकभाईने सांगितलेलं सगळं सांगितलं. ती या वेळी मराठीत म्हणाली, "आई, तू पण असं करशील का गं?"

तिला दिलेलं वचनच तुलाही देते. मला काही दुखलं, खुपलं, आवळलं, तर त्याच दिवशी तिला सांगेन. तिची परीक्षा असो, लग्न असो, कामाचा महत्त्वाचा दिवस असो. तिचा दिवस मोडला तर मोडला. मागे राहिलेल्या माणसाने दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये, एवढं मी तिच्यासाठी करेन.

तुझी,
शैला