काट्याने लाच, काडीने पाहुणचार

वॉशिंग्टन,
गुरुवार सकाळ, दुसऱ्या कपानंतर

प्रिय ओनायडाताई,

धाकट्या व्हर्लिनचा तुझ्या धडक्या पायाला नमस्कार. (मोडलेल्या बाजूला हात लावायची तू मनाई केली आहेस, म्हणून पत्रातूनही लावत नाही.) खुबा आता कसा आहे? मी मंगळवारी निघाल्यापासून तुझ्या खाण्यापिण्याची काय आबाळ होत असेल या काळजीने माझ्या घशाखाली घास उतरत नाही. घेवड्याचं सूप फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आहे. वरून निळसर दिसलं तरी घाबरू नकोस, ते पहिल्या दिवसापासून तसंच होतं. सोमवारी तुझ्या पलंगाभोवती गोधडी शिवायला जमणाऱ्या समस्त बायकांना माझा नमस्कार सांग. युलालीमावशींना वेगळा सांग, कारण आपल्या खासदाराच्या मातोश्री असल्याने त्यांना सगळं वेगळंच लागतं. मी दिलेली कॉफी त्या जिरेनियमच्या कुंडीत ओततात हे मला पाच आठवड्यांपासून माहीत आहे, पण मी मनात ठेवत नाही.

आधी कामाचं सांगतो, नाहीतर तू चष्मा काढून ठेवशील. काकवीवाल्यांच्या संघटनेची तू अध्यक्ष, तेव्हा तुला हे सगळं तोंडपाठ आहे. पण इथे मला हे इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगावं लागलं की आता तोंड थांबत नाही. शेतीच्या त्या जाडजूड विधेयकात पान सहाशे बारावर एक कलम घुसवलंय. शंभर भाग पाकात दहा भाग ज्वारीचा रस असला, की बाटलीवर खुशाल ‘अस्सल डोंगरी काकवी’ छापावं. उरलेला नव्वद भाग मक्याचा. म्हणजे आपण अकरा घरांनी ज्वारी कापायची, खेचराला गोल गोल फिरवून चरक चालवायचा, दिवसभर मळी काढत काहिलीपाशी शिजायचं, आणि नाव मात्र कारखान्याच्या बाटलीवर! हे कलम पास झालं तर येत्या हिवाळ्याच्या आत बाबांचा चरक भंगारात जाणार, हे काही मी वाढवून सांगत नाही. म्हणूनच मी इथे आलो. (खरं तर तू ‘तूच जा, तूच जा’ म्हणून मागे लागलीस म्हणून आलो. मी आपलं सुचवलं होतं की युलालीमावशींच्या कानावर घालावं. तर तू केवढी फणकारलीस! ‘गोधडीत राजकारण शिवायचं नसतं व्हर्लिन’ म्हणालीस. तुझ्या तत्त्वनिष्ठेपुढे मी गप्प बसलो.)

तर इथे स्टेशनवर घ्यायला विनिफ्रेडबाई आल्या होत्या. आपल्या संघटनेच्या लॉबीवाल्या. आपल्या म्हणजे एक षष्ठांश आपल्या, कारण त्याच बाई शवपेट्यावाले, बटणवाले, जत्रेतल्या पाळण्यांवाले, बदकांची पिसंवाले आणि पियानो जुळवणारे यांचंही काम बघतात. आपल्याकडे वशिला लावायचा तर माणूस मागच्या दाराने जातो आणि खाली मान घालून येतो. इथे वशिल्याची रीतसर नोंदणी असते, गळ्यात नावाची पट्टी असते आणि भेटीची वेळ ठरलेली असते. पंधरा मिनिटं. त्यातली सहा हस्तांदोलनात जातात. खासदार भेटत नाही. भेटते त्याची सहायक, आणि देशाचा शेतीचा कायदा तिच्याच वहीत असतो. आपल्या खासदाराची सहायक टॅम्सिन नावाची आहे, वय फार तर सव्वीस, आणि ज्वारी उभी कशी दिसते हे तिने चित्रातही पाहिलेलं नाही. पण मुलगी ऐकते मन लावून. अख्ख्या शहरात लिहून घेणारी माणसं मला दोनच भेटली, एक ती आणि एक स्टेशनवरचा हरवलेल्या सामानवाला.

सामान हरवलं ते माझ्या कपड्यांचं. तू पलंगावरून सांगून बायकांकडून करवून घेतलेला केक मी मांडीवर घेऊन बसलो होतो, तो शाबूत. सातही थर जागेवर, मधली सुकवलेल्या सफरचंदांची चटणी जागेवर, काकवीचा वास तर असा की शेजारचा प्रवासी माझ्याशी आपण होऊन बोलायला लागला. बुधवारी सकाळी मी तो डबा विनिफ्रेडबाईंसमोर उघडला आणि म्हटलं, ‘हा टॅम्सिनच्या टेबलावर ठेवतो, दोन काटे मागवतो, पुढे बोलायची गरजच नाही.’ बाईंचा चेहरा पिठासारखा झाला. ‘व्हर्लिनभाऊ, काटा म्हणालात?’ मी म्हटलं, ‘काटा नाहीतर काय, पहार?’ तेव्हा त्यांनी मला एका खांबाआड ओढून नियम सांगितला. सरकारी माणसाने बसून, बशीत घेऊन, काट्याने खाल्लं तर ते जेवण. जेवण म्हणजे भेट, भेट म्हणजे लाच. पण तेच उभ्याने, दात कोरायच्या काडीला टोचून खाल्लं तर तो पाहुणचार. पाहुणचार कितीही चालतो. मी विचारलं, ‘उभ्याने काडी काडीने अख्खी गाय खाल्ली तर?’ बाई म्हणाल्या, ‘चालेल. काड्या पुरल्या पाहिजेत.’

मला सांग ताई, आपल्या चर्चच्या जेवणाला हा नियम लावला तर अर्धं गाव तुरुंगात जाईल आणि पाद्रीबाबा आधी जातील.

आता सात थरांचा, पावसाळी मातीसारखा मऊ केक काडीवर राहायचा कसा? चौकोनी तुकडे करावे म्हटलं तर सुरी नाही. बाबांचा खिशातला चाकू दारावरच्या पोलिसाने आधीच काढून घेतलेला. (पावती मिळाली आहे. जाताना परत.) शेवटी तू कोटाच्या खिशात टाकलेली सुईदोऱ्याची पुडी आठवली. ‘तुझं बटण तुटणार, मला माहीत आहे’ म्हणाली होतीस. बटण तुटलंच होतं, पण दोरा मी केकला वापरला. तळघरातल्या उपाहारगृहात एका कोपऱ्यात, एक टोक दातात आणि एक हातात धरून, मी तुझ्या केकचे चौऱ्याऐंशी तुकडे केले. जाणारे येणारे थांबून बघत होते. काउंटरवरच्या बाईने काड्यांची अख्खी बरणी माझ्यापुढे ठेवली आणि एक तुकडा घेतला. तीही उभीच होती, म्हणजे कायद्यात बसलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत. आता माझी चूक सांगतो, कारण विनिफ्रेडबाई तुला कळवणारच आहेत. संध्याकाळी साडेपाचला आम्हां सहा संघटनांचा छोटासा पाहुणचार होता, खोली एकशे सोळा. मी गेलो एकशे एकसष्टमध्ये. गेलो तो थक्क झालो. टांगलेले दिवे, फिडलवाला, आणि काड्यांवर काय काय: कोळंबी, डुकराचं मांस, चीज, कसलीशी जांभळी पानं. मनात म्हटलं, विनिफ्रेडबाई म्हणजे भलत्याच कर्तबगार निघाल्या! दारातच एक गोरागोमटा, हसतमुख गृहस्थ उभा होता, नाव हॉलिस ग्रीर. त्याने माझ्या हातातलं ताट बघून विचारलं, ‘हे काय घेऊन आलात, काका?’ मी त्याला घरचाच माणूस समजलो. कोळंबी खात खात त्याला पान सहाशे बारा सांगितलं, आपला सगळा डाव सांगितला, आणि त्या मक्याच्या पाकवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो ऐकत होता आणि केक खात होता. तुकड्यामागून तुकडा. टेबलावर ‘अस्सल डोंगरी काकवी’ची बाटली दिसल्यावर मी म्हटलं, ‘थांब, तुला गंमत दाखवतो.’ कॉफी ढवळायची पट्टी त्यात बुडवली आणि उचलून धरली. आपल्या काकवीचे दोन थेंब कडेला येतात, एकमेकांना भेटतात आणि पदरासारखे एकत्र सुटतात, हे आपलं शेंबडं पोर सांगेल. हा पाक टपटप टपटप गळत राहिला, नळासारखा, आणि गळला तो गालिच्यावर. ‘बघ,’ मी म्हटलं, ‘ही काकवी असेल तर मी बिशप आहे.’

तो म्हणाला, ‘काका, हा गालिचा आमच्या परिषदेने भाड्याने आणलाय.’

हे पाकवाल्यांचंच संमेलन होतं ताई. आणि हा हॉलिस त्यांचा मुख्य लॉबीवाला. एवढंच नाही, दोन वर्षांमागे हाच आपल्या खासदाराचा सर्वांत वरचा सहायक होता. एका दाराने बाहेर पडला आणि दुसऱ्याने पाकवाल्यांकडे आत गेला. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण माणूस रागावला नाही. उलट जरा उदासच दिसला. ‘या धंद्यात तुमचं चांगलं नाव होईल,’ म्हणाला, आणि मला हाताला धरून एकशे सोळापर्यंत पोचवायला आला. वाटेत आणखी दोन तुकडे उचलले.

एकशे सोळामध्ये आमचे लोक वाट बघत होते. तिथे मी खरी विद्या शिकलो. शवपेट्यावाल्यांचा माणूस म्हणाला, ‘तुमच्या कलमाविरुद्ध मी सही देतो, तुम्ही आमच्या पत्रावर द्या.’ मग बटणवाल्याने तेच म्हटलं, मग पिसंवाल्याने. अर्ध्या तासात आपल्या पत्रावर पाच संघटनांच्या सह्या झाल्या. शत्रूला सगळा डाव सांगून आल्याची भरपाई मला करायची होती, म्हणून मी एकही पत्र नीट वाचलं नाही. साडेसहाला टॅम्सिन आली. तिने उभ्याने तुकडा खाल्ला, डोळे मिटले, दुसरा खाल्ला. मी आपलं पत्र तिच्या हाती दिलं. ती म्हणाली, ‘एक मिनिट, कागद बघून येते,’ आणि वर गेली. परत आली तेव्हा हसत होती. ‘कलम नाही आता,’ म्हणाली. ‘काढून टाकलंय.’

मी तिथल्या तिथे पियानो जुळवणाऱ्याला मिठी मारली. मी साठ वर्षांचा गडी, पण डोळ्यांतून पाणी आलं, लाजत नाही सांगायला. पाकवाल्यांची ती कोळंबी, तो फिडल, ते दिवे, आणि एका माणसाने दोऱ्याने कापलेला केक घेऊन त्यांना चीत केलं! अकरा घरं वाचली ताई, बाबांचा चरक वाचला. ही गोष्ट चर्चमध्ये तू सांगावीस. मी स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही. मात्र दोऱ्याचा भाग गाळू नकोस.

शनिवारी पोचतो. तोवर सूप संपव.

तुझा लाडका (आणि आता अनुभवी) भाऊ,
व्हर्लिन

ता. क. : काल सही केलेली पत्रं आज वाचली. तू आता स्वस्त परदेशी शवपेट्यांविरुद्धच्या राष्ट्रीय आघाडीची उपाध्यक्ष आहेस. शिवाय गोधड्यांना बटणं सक्तीची करण्याला आपला जाहीर पाठिंबा आहे. हे सोमवारच्या बायकांना आत्ताच सांगू नकोस.

ता. क. दुसरा : मूळ विनंती राहिलीच. ऑक्टोबरात काकवी काढताना सगळ्या संघटनांना मी चरकावर बोलावलं आहे. तेव्हा असले चार केक लागतील. खेचराला त्या दिवशी लांब बांधायचं. ते टोप्या खातं, आणि ही सगळी टोपीवाली माणसं आहेत.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात टॅम्सिन पावतीवरचा चाकू सोडवून द्यायला खाली उपाहारगृहात आली. मी तिचे पुन्हा आभार मानले, तर ती गोंधळली. कलम काल निघालंच नव्हतं म्हणे. सोमवारी दुपारी तीन वाजताच खासदारांनी स्वतः काढलं होतं. काल ती फक्त खात्री करून आली. हॉलिसला ते मंगळवारीच कळलं होतं, म्हणून बिचारा दुःखात केक खात होता. सोमवारी दोनच्या सुमारास म्हणे खासदारांना त्यांच्या आईचा फोन आला होता: ‘काकवीला हात लावलास तर रविवारी जेवायला येऊ नकोस.’ मागे चार-पाच बायका हसत होत्या, आणि एक पडल्या पडल्या पान नंबर सांगत होती.

मी मंगळवारी निघालो, ताई. सोमवारी संध्याकाळी तू स्वतः माझी बॅग भरून घेतलीस, दोरा घातलास, केक हातात दिलास, आणि म्हणालीस, ‘अकरा घरं तुझ्या हातात आहेत.’ पाच आठवडे मी तुझी सेवा केली, त्यातून चार दिवस सुटका हवी होती तर तसं सांगायचंस.

सूप कुंडीत ओतलं असशील तर निदान जिरेनियम कसं आहे तेवढं कळव.