माझ्या हातचं हरीण

१७ जानेवारी
आजपासून रोजनिशी. थोर माणसांची आत्मचरित्रं अशीच तयार होतात. वन्यजीव क्षेत्रातल्या लोकांची देशभर पसरलेली संघटना आहे, तिच्या आमच्या कॉलेजातल्या शाखेचा सभासद झालो. नोकरीची दारं म्हणे इथूनच उघडतात. एकोणीस जणांपैकी सतरा जण लहानपणापासून शिकारीला जातात. मी लहानपणापासून शिकारीचे व्हिडिओ बघतो. फारसा फरक नाही.

२४ जानेवारी
कवट्या ओळखण्याचा सराव. कोल्ह्याला मांजर म्हणालो. उजेड कमी होता. मारित (शाखेची सेक्रेटरी) म्हणाली, लायल, तू दुपारी दोन वाजता खिडकीपाशी उभा आहेस.

३ फेब्रुवारी
राज्याच्या वन्यजीव खात्यात उन्हाळ्यापुरती एक जागा निघाली. तळ्यातळ्यांवर होडीतून जाऊन लून पक्षी मोजायचे. माणूस निवडणार ब्रेंडा स्ट्रॉम मॅडम, आणि आमच्या शिकारभोजनाच्या पाहुण्याही त्याच. ही जागा मला मिळालीच पाहिजे. नाहीतर सलग तिसरा उन्हाळा काकांच्या गॅरेजात गाड्या धुण्यात.

१० फेब्रुवारी
शिकारभोजनाला प्रत्येकाने स्वतः मारलेलं काहीतरी रांधून आणायचं. मारित म्हणाली, तुझ्याकडे नसेल तर पाव आण, कुणी हसणार नाही. पाव आणणाऱ्याला कोण लक्षात ठेवतं?

१६ फेब्रुवारी, सकाळ
उणे वीस. दुकानातून गोमांसाचा खिमा आणला. वर बटाट्याचे गोळे लावून हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचा भट्टीतला खिम्याचा पदार्थ, भाजला. कार्डावर लिहिलं: ‘हरीण. शिकार: लायल.’ एकदा खिमा झाला की कोण कुणाचं, काय कळतंय. संकल्प: कमी बोलायचं.

१७ फेब्रुवारी
काल रात्री शिकारभोजनात मॅडमनी माझा हॉटडिश दोनदा वाढून घेतला. मग सहज विचारलं, कुठे मिळालं? तिथे माझी जीभ सुटली. मादी, टॅमरॅक काउंटी, नोव्हेंबरातला पहिला शनिवार, एकच गोळी. वारा कुठला होता तेही सांगितलं.

मॅडमनी काटा खाली ठेवला. म्हणाल्या, टॅमरॅकमध्ये यंदा माद्या मारायला बंदी होती. कळप निम्मा झालाय. बंदीचा कागद मीच काढला होता.

त्यांच्या शेजारी एक पोट सुटलेले गृहस्थ होते. मला वाटलं, मॅडमचे यजमान. ते शिकार-निरीक्षक हॉगेन निघाले. त्यांनी तोंड पुसलं, वही काढली आणि माझा हॉटडिश दोन चमचे पिशवीत बंद केला. म्हणाले, बावीस वर्षं नोकरी झाली पोरा, पुरावा गरमागरम वाढणारा तूच पहिला.

१८ फेब्रुवारी
इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगितलं तर खोटारडा, नाही सांगितलं तर चोरटा शिकारी. चोरट्या शिकाऱ्याला निदान नेम तरी असतो. गप्प राहायचं ठरवलं. मारित बोलत नाही. दुसरा एकजण मात्र हळूच विचारून गेला, नेमकी जागा कुठली.

२१ फेब्रुवारी
हॉगेन खोलीवर आले. बंदूक दाखव म्हणाले. नाही. परवाना? नाही. म्हणाले, गुन्हे वाढत चाललेत. मग बंदूक कुणाची? मी म्हणालो, मित्राची. कुठला मित्र? मला मित्रच सुचेना. बंदूकवाल्यांपैकी जवळची म्हणावी अशी एकटी मारित. तिचं नाव ओठांवर आलं आणि माझी मलाच लाज वाटली. सगळं सांगून टाकलं. दुकान, खिमा, कार्ड. रडलोही.

हॉगेननी रुमाल दिला. प्रयोगशाळेचा अहवाल सकाळीच आला होता: गाय, पाळीव. म्हणाले, तू कुठवर जातोस एवढंच बघत होतो.

१ मार्च
मॅडमना माफीचं पत्र पाठवलं. जाताजाता नोकरीचा अर्जही जोडला. पश्चात्ताप झालेला माणूस जास्त भरवशाचा असतो, असं लिहिलं. शिवाय होडी उत्तम चालवतो, असंही. शिकेन महिनाभरात.

९ मार्च
मॅडमचं उत्तर आलं. लिहितात, माझ्या खात्यातल्या निम्म्या लोकांनी बंदूक हातात धरलेली नाही, मीसुद्धा नाही. त्याने काही अडत नाही. पण तळ्यावर माणूस एकटा असतो, बघायला कुणी नसतं. पक्षी दिसला नाही तर शून्य लिहील, असं कुणीतरी मला हवं होतं. जागा मारितला दिली आहे.

पत्र तीनदा वाचलं. चूक शोधत होतो. सापडली नाही.