बोललेला गूळ आणि माझं वजन

मुरूम, आश्विन शुद्ध द्वादशी, फसली १३५०

वडील भावासारखे साडूभाऊ धोंडीबा यांना, ईट मुक्कामी, लिंबाजी मापाड्याचा साष्टांग रामराम. इकडं देवीच्या कृपेनं सगळे खुशाल, बैल खुशाल, मी तेवढा मधून मधून खुशाल. म्हाळसाअक्कांची दाढ काढली का अजून सांभाळताय? (काढली असल्यास सुपारी फोडायचं काम तुमच्याकडं आलं असेल, अडकित्ता जपून धरा.) तुमचा दमा, तुमची म्हैस आणि तुमचं बांधावरचं भांडण, तिन्ही आटोक्यात असावीत. हे पत्र काही मागण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या एका सल्ल्यानं माझं काय झालं, एवढंच कळवायचं आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, गेल्या साली मला मुदतीचा ताप आला तेव्हा माझ्याजवळ कातडं आणि सदरा एवढंच उरलं होतं. त्या वेळी तुमच्या मेव्हणीनं, म्हणजे आमच्या गजराबाईनं, तुळजापूरच्या आईला नवस बोलला की हे उठून बसले तर ह्यांच्या वजनाइतका गूळ तुझ्या दारी वाटीन, आणि तोवर पायात वहाण घालणार नाही. इथवर ठीक. पण बाई कामाला वाघ. तिनं त्याच आठवड्यात मी होतो तेवढा गूळ आणवला, हळदकुंकू लावून देवापुढं ठेवला आणि कोठीत कुलूपबंद केला. मग मी उठून बसलो. मग तिनं मला तूपभात, शिरा आणि गूळपोळी चारून असा उभा केला की सदऱ्याची शिवण उसवली. आता मी एकीकडं, गूळ एकीकडं, आणि मधे निम्म्या पोत्याचा फरक. गूळ वाढवू म्हटलं, तर सासूबाई म्हणतात, बोललेल्या गुळात मागून दुसरा गूळ मिसळला तर देवी तोंड फिरवते. गूळ वाढत नाही, तेव्हा जावई कमी करा, असा एकंदर निकाल लागला.

हसण्यावारी नेऊ नका, साडूभाऊ. आमची जमीन काळी, रानाच्या वाटेला दोन्ही अंगांनी बाभळी. रोज दिवेलागणीला मी सुई घेऊन गजराबाईच्या तळव्यातले काटे काढतो. ती हूं की चूं करत नाही, रडू येतं ते मला. माझ्या पोटापायी तिच्या पायांची चाळण झाली, हे मला बघवेना. म्हणून तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही उलट टपाली कळवलंत, उपास धर. वर प्रेमानं साबुदाण्याचं पोतंही धाडलंत.

उपास धरला. सकाळी खिचडी, दुपारी उकडलेली रताळी, संध्याकाळी केळी आणि गोड चहा. साबुदाण्याचा गुण असा की खाताना पोट तट्ट फुगतं आणि हात धुऊन पंचाला पुसतोय तोवर पुन्हा रिकामं. थोड्या वेळानं पाय लटपटायचे, डोळ्यांपुढं पेढे तरंगायचे, की पुन्हा खिचडी. एवढी भूक मला ताप उतरल्यावरही लागली नव्हती. त्यातून गावात बातमी फुटली की लिंबाजी मापाडी रोज उपास धरतो, याच्या अंगात काहीतरी संचारलंय. बायका पाया पडायला येऊ लागल्या. साधूकडं रिकाम्या हातानं कोण जातं? केळी आली, राजगिऱ्याचे लाडू आले, एकीनं तर शिंगाड्याचा शिरा आणला. परत करावा तर प्रसादाचा अपमान. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, ते मी रोज करत होतो आणि वर आशीर्वाद देत होतो.

आडत्ये दादामियाँ यांच्याकडं मी माप करतो हे तुम्ही जाणताच. बाजार थंड असला की मी तिथल्या मोठ्या काट्यावर स्वतःला घालून बघायचो. एकदा पारड्यात मांडी घालून, डोळे मिटून, वजन कमी दिसावं म्हणून श्वास रोखून बसलो होतो. सोलापूरकडचा एक व्यापारी आला, नजरेनं अधू. त्यानं मला करडईचं पोतं समजून दादामियाँचा हात रुमालाखाली धरला आणि बोटं दाबून माझा भाव केला. (भाव वाईट नव्हता.) तेवढ्यात मला शिंक आली. तो दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, मालात ओल हाय.

दादामियाँ डोळे पुसेपर्यंत हसले, आणि मग त्यांनी मला आपल्या शेजारी जेवायला बसवलं. न चाळलेल्या पिठाची ज्वारीची जाड भाकर, अंबाडीची भाजी, मोडाची मटकी. उपास मोडतो म्हणून मी कुरकुरलो. ते म्हणाले, "अरे लिंबाजी, साबूदाना नरम चीज. पोट कू कामच नै रैता. बेकार बैठा सो पोट घडी-घडी खाने कू मांगता. उसकू कोंडे की भाकर दे, छिलके की दाल दे. दिनभर दळते बैठता, चुप रैता." दीड भाकर खाल्ली आणि दिवे लागेपर्यंत भुकेचं नाव नाही. मला वाटलं, ताप उलटला. जाऊन नाडी दाखवून आलो.

तेव्हापासून भाकर, कडधान्य, पालेभाजी आणि ताक. भात, साखर, केळी यांना रजा दिली, आणि उरलेला साबुदाणा तुम्हाला परत धाडला. (सोबतचा निरोप रागाच्या भरात होता, मनावर घेऊ नका.) भक्तमंडळीही पांगली, भाकर खाणाऱ्याच्या पाया कोण पडणार? भाद्रपद सरता सरता सदऱ्यात वारा खेळू लागला. मग गजराबाईसाठी कोऱ्या वहाणा करून घेतल्या, बोललेला गूळ बैलगाडीत घातला, नळदुर्गाहून मोटार धरली, आणि नवरात्रातल्या मंगळवारी मी तुळजापुरात पारड्यात बसलो.

साडूभाऊ, गूळ खाली गेला आणि मी वर. नुसता वर नाही, अधांतरी! पुजारी म्हणाले, नवस फिटला. मी वरूनच वहाणा खाली टाकल्या. गजराबाईनं त्या घातल्या, चार पावलं चालली, मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मग तिनं वळून माझ्याकडं नीट बघितलं. लटकलेला मी, गळ्याची हाडं वर आलेली, आणि तिनं जी किंकाळी फोडली! "आई गं, ह्ये तर तापातल्यावानी दिसायलेत!" मी काही बोलायच्या आत तिनं वहाणा काढल्या, पदर पसरला आणि म्हणाली, "ह्यास्नी पहिल्यावानी भरू दे, आई. ह्यांच्या वजनाएवढं पेढं वाहीन, अन् तवर पायात वहाण घालणार न्हाय."

मी अजून पारड्यातच होतो.

असो. म्हाळसाअक्कांना नमस्कार, म्हशीला चारा, बांधाच्या शेजाऱ्याला जे योग्य वाटेल ते सांगावं.

आपला (सध्या बराच कमी झालेला),
लिंबाजी

ता. क. काही मागण्यासाठी लिहीत नाही असं वर लिहिलं आहे, ते वरच्यापुरतं. साबुदाण्याचं पोतं पुन्हा धाडा. रताळी निघाली असल्यास तीही.

आणखी एक ता. क. पोतं बैलगाडीनं नको, मोटारीनं धाडा. काट्यांची वाट बघवेना म्हणून परवापासून मी गजराबाईला पाठीवर घेऊन रानात नेतो आणि आणतो. गाव हसतं, हसू द्या. तीही हसते, माझ्या कानाशी. पण ओझं वाहून मी रोज आणखी उतरतोय. मी उतरतोय तोवर ती अनवाणी, आणि ती अनवाणी आहे तोवर मी वाहणार, तेव्हा काय ते समजा. काल वाटेत तिनं विचारलं, "मी लई जड हाय का वो?" म्हटलं, न्हाय. मापाड्याच्या जन्मात तेवढं एकच माप खोटं सांगितलं.