बैलगाडी न्हाय म्हणे!

रविवार, संध्याकाळ. नळदुर्ग.

अजून डोकं तापलेलंच आहे. "मॅडम, ही बैलगाडी न्हाय!" होडी शिकवणारा काठावरून ओरडला आणि सगळे हसले. परके हसले तर हसू देत. पण आमचे हे? माझ्याच होडीत, माझ्याच मागं बसून खो खो हसले!

झालं होतं काय, तर होडी उजवीकडं न्यायची होती, म्हणून मी उजव्या बाजूनं वल्हं जोरात ओढलं. उजवा कासरा ओढला की गाडी उजवीकडं वळते. लग्नाआधी अण्णांची बैलगाडी मीच हाकायचे, हाताला तीच सवय. होडी वळली डावीकडं आणि थेट काठच्या बाभळीत घुसली.

"सांगितलेलं कळत न्हाय का तुला?" हे म्हणाले. आणि ह्यांनी उभ्या जन्मात कधी कासरा धरलाय का?

कशीबशी बाहेर निघालो. हे मागून वल्हवतच होते. मी रागारागानं उजवीकडं वल्हं पाण्यात उभं खुपसलं आणि नुसतं घट्ट धरून ठेवलं. तर होडी गपकन उजवीकडं वळली! म्हणजे कासराच की! उजवा बैल रोखायचा, डावा आपोआप पुढं जातो. मी फक्त रोखायच्या जागी ओढत होते.

आणि तो काठावरून काय म्हणाला? "वा सर! मस्त वळवली!"

ह्यांनी मान डोलावली. खुशाल डोलावली!

बैलगाडी न्हाय म्हणे. मग माझ्या मागं तो नंदीबैल कोण बसला होता?