उलटी लागलेली रिळं

४ मे १९९६
बारावीची परीक्षा संपली, म्हणून आण्णांचा डबा मीच नेते टॉकीजवर. आण्णा तिथं ऑपरेटर. केबिनच्या झरोक्यातून फुकट पिक्चर. या आठवड्यात पोरगा मोठा होण्याचा. नेहमीचंच. बाप मरतो, पोरगा पळत सुटतो, पळता पळता पाय मोठे होतात, मिशी फुटते. एका गाण्यात काम तमाम. पोरी थेट लग्नाच्या शालूतच मोठ्या होतात.

९ मे
मॅटिनीला बोंबाबोंब. आण्णांनी सहाव्याच्या जागी सातवं रीळ लावलं. बापाच्या फोटोला हार, आणि पुढच्या रिळात बाप सायकल मारत घरी. पब्लिकनं खुर्च्या बडवल्या. खालून कुणीतरी, "आण्णा, दुपारीच टाकून आलायसा काय?" मला हसू आलं. मग आण्णांचं तोंड बघितलं.

११ मे
रिळाच्या डब्यावरचा नंबर मुद्दाम विचारला. म्हणाले तीन. आठ होता.
"डाव्यातनं दिसतच न्हाई. उजवाबी चाललाय. डाक्टर म्हणत्यात, गेलेलं परत येत न्हाई. आईला सांगू नगंस. मालकाला तर न्हाईच."
एकटेच जाऊन आलेत डॉक्टरकडं.

२० मे
आता रोज जाते. नंबर मी वाचते, रीळ ते चढवतात. हात अजून सफाईचे. रात्रीच्या शोचे डबे बाकावर ओळीनं मांडून घरी येते. मालक म्हणाले, "पोरगी रोज कशी हितं?" आण्णा, "पिक्चरचं याड हाय तिला." मी खुळ्यागत हसले. पिक्चरचा आता वीट आलाय.

८ जून
पास. कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, मिरजेला नर्सिंगला नंबर लागेल, हॉस्टेलवर राहावं लागेल. आई गल्लीभर पेढे वाटत सुटली. "जा बाई, आमच्यागत चुलीम्होरं मरू नगंस."
मला जायचंय. कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं. खूप जायचंय. आणि आण्णांचा राग येतो, त्यांची काही चूक नसताना.

१९ जून
नंबर लागला. सोमवारी हजर व्हायचं. आण्णांना विचारलं, डब्यांचं कसं?
"बघू की. पिक्चरमधी पोरं जात्यातच की घरातनं."
"तिथं बाप आधी मरतो, आण्णा."
बोलून गेले. ते जेवायचे थांबले. मग चटणी मागितली.

२३ जून, रविवार
आईनं बॅग भरली, वर लोणच्याची बरणी. मी टॉकीजवर गेले तर डबे आण्णांनी स्वतःच मांडलेले. "बघ, वळीत हाईत न्हवं?" चौथा आणि नववा उलटे होते. हळूच जागा बदलल्या, तरी डब्यांचा पत्रा वाजलाच. "हाईत," मी म्हणाले. आण्णांनी मान हलवली, मशीन सुरू केलं. शो संपेपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही.
सकाळी सातची एसटी. आईला अजून काहीच ठाऊक नाही.