येते गं मी

बेलवली, बदलापूर (प.)
रविवार, ७ जानेवारी १९९६

प्रिय बकुळे,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे सगळे मजेत. तुम्हीही मजेत असाल अशी आशा. नसलात तरी तू काही कळवणार नाहीस, तेव्हा मजेतच आहात असं धरून चालते.

बदलापूर ते उल्हासनगर, मधे एक अंबरनाथ. एवढ्याशा अंतरासाठी मी अंतर्देशीय आणून, जीभ लावून चिकटवून, पेटीत टाकायचं! पण करू काय? दोनदा तुझ्या दारात येऊन गेले. दोन्ही वेळा तुझ्या सासूबाईंनी जाळीच्या दाराआडून सांगितलं, "बकुळा झोपलीय." सकाळी अकरा वाजता? जी बाई इथे शेजारी राहत असताना सात वर्षं भल्या पहाटे माझ्या खिडकीखाली येऊन शुक् शुक् करायची, ती? दुसऱ्या वेळी तर आत तुझ्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. मी काय बहिरी आहे?

असो. मी भांडायला बसलेले नाही. म्हणजे बसलेच आहे, पण आधी कामाचं बोलते.

येत्या चार फेब्रुवारीला रविवार आहे. त्या दिवशी आपलं ठरलेलं. उल्हासनगर स्टेशन ते कर्जत स्टेशन, चाळिशीला बेचाळीस. ही टूम माझी नव्हती हं, तुझी होती. अठ्ठ्याऐंशी सालच्या हळदीकुंकवात, हातात वाण घेऊन तू म्हणालीस, "कुंदे, आपण चाळिशीला बेचाळीस किलोमीटर पळायचं. अख्खं मॅरेथॉन." सगळ्या बायका खो खो हसल्या. तेव्हा आपल्याला दूधकेंद्रापर्यंत भरभर चाललं तरी धाप लागायची. पण दुसऱ्या दिवशी तू रेल्वेचं टाइमटेबल घेऊन आलीस आणि व्हीटीपासूनचे आकडे दाखवलेस. उल्हासनगर अठ्ठावन्न, कर्जत शंभर. बरोब्बर बेचाळीस! आपल्यासाठीच रूळ टाकलेत, म्हणालीस. तो कागद अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. पहिली दोन वर्षं नुसतं न थांबता पळायला शिकायचं, मग अंबरनाथ, मग वांगणी, मग नेरळ, आणि शहाण्णव सालात सगळं एकदम. तुझ्याच अक्षरात. खाली दोघींच्या सह्या.

आणि आता ऐक गंमत. परवा आमच्या ह्यांनी फर्स्ट शिफ्टहून आल्यावर स्कूटर काढली आणि रस्ता मोजून आले. पंचेचाळीस! "मॅडम, तुमचं मॅरेथॉन तीन किलोमीटर जास्त शिजलंय," म्हणे. रूळ सरळ जातात, रस्ता वळसे घेतो, हे आपल्या दोघींच्या डोक्यात आठ वर्षांत एकदाही आलं नाही. तू शाळेत भूगोल शिकवायचीस ना गं? एवढी चिडले मी. म्हटलं, तुमच्या स्कूटरचा काटाच बिघडलाय. ते हसत हसत आंघोळीला गेले.

आणि बूट! तुमच्या उल्हासनगरातूनच आणले, वर 'मेड इन यूएसए' छापलेले. दुकानदार म्हणाला, "बहनजी, एक्सपोर्ट का माल है, दस साल कुछ नहीं होगा." दहाव्या दिवशी तळ निघाला. परत गेले तर म्हणतो, "आप इसमें दौड़ती हैं क्या?" बुटात पळायचं नाही तर काय, लोणचं घालायचं?

इकडे लोक अजून तेच विचारतात. वहिनी, कोण मागे लागलंय? पूर्वी तू उत्तर द्यायचीस, "चाळिशी!" आता मी एकटीच पळते, मला उत्तर सुचत नाही. कुत्रीसुद्धा दोघी होतो तेव्हा कमी भुंकायची.

आता गेल्या फेब्रुवारीचं. ते काढायचं नाही असं ठरवून बसले होते, पण तुझ्या डोक्यात काहीतरी बसलंय, तेव्हा एकदा लिहूनच टाकते. आपण नेहमीसारख्या वांगणीला निघालो होतो. पळत जायचं, स्टेशनवर चहा घ्यायचा, गाडीने परत यायचं. अलीकडच्या मोरीपाशी तू कठड्यावर बसलीस आणि म्हणालीस, "येते गं मी." मला वाटलं, मागून येतेस. म्हणून मी पुढे गेले. स्टेशनवर तुझी वाट पाहिली, एक गाडी सोडली, दुसरी घेतली. खिडकीतून रस्त्याकडे बघत होते, तू दिसली नाहीस, वाटलं परत फिरली असशील. तुझा गुडघा इतका सुजेल, ऑपरेशनपर्यंत जाईल, शाळेचे जिने चढता येईनात म्हणून तू नोकरी सोडशील, बदलापूर सोडशील, हे मला काय स्वप्न पडलं होतं? मी हेच तुझ्या यजमानांना सांगितलं, हेच सगळ्यांना सांगितलं.

तू पळू शकणार नाहीस हे मला कळतं. पण निदान सुरुवातीला स्टेशनवर उभी राहा. तुझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. एवढं तरी कर.

तुझी,
कुंदा


बेलवली
गुरुवार, १८ जानेवारी

प्रिय बकुळे,

तिळगूळ घे, गोड बोल. हे मी दरवर्षी म्हणते. यंदा तुला खास सांगायची गरज आहे.

तुझं कार्ड मिळालं. अकरा महिन्यांनी एक पोस्टकार्ड, आणि त्यावर दीड ओळ! "मी 'येते' म्हटलं ते निरोपाचं होतं. तुला कळलं होतं." खाली नाव नाही, गाव नाही. पोस्टमननेही वाचलं असणार. बदलापुरात एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं असेल.

आता तूच सांग, हे काय बोलणं झालं? निरोपाचं होतं म्हणे! अगं, आपल्यात बाई येताना येते म्हणते, आणि जातानाही येतेच म्हणते. "जाते" म्हणायचं नाही, अशुभ, हे लहानपणापासून डोक्यात ठोकून ठोकून भरलेलं. मग ऐकणारीने काय करायचं? बायकांनी पाटी घेऊन फिरायचं का, हे येण्याचं येते, हे जाण्याचं येते? "थांब" म्हणायचं होतंस. "दुखतंय" म्हणायचं होतंस. साधा, दोन-तीन अक्षरांचा शब्द सुचला नाही तुला? चाळीस पोरांना तास तास ओरडायचीस, आणि मला हाक मारायला आवाज नव्हता?

आणि निरोप कसला? आपण काय सासरी चाललो होतो?

ह्यांना वाचून दाखवलं. ते एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसर, त्यांचं डोकं तसंच चालतं. म्हणाले, "अपघात झाला की आम्ही पहिलं हे विचारतो, शेवटचं कुणी पाहिलं?" मी म्हटलं, तुमची चौकशी कारखान्यात ठेवा. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, म्हणजे एक दिवस ते सेकंड शिफ्टलाच होते.

गुडघा दुखतोय हे तू मला त्याआधी सांगितलं होतंस, हे मान्य. दोनदा सांगितलंस. मी म्हटलं होतं, पळायला लागलीस की गरम होऊन मोकळा होईल. हेही मान्य. मी काय डॉक्टर आहे?

तिळाचे लाडू पाठवणार होते, पण पोस्टात चुरा होतो. तुला हवे असतील तर दार उघडावं लागेल.

कुंदा


बेलवली
मंगळवार, ३० जानेवारी

बकुळे,

नमस्कार-चमत्कार राहू दे.

परवा रविवारी शेवटचं लांबचं पळणं होतं. वांगणीच्या अलीकडे एक बैलगाडी माझ्या बाजूला येऊन हळू झाली. गाडीवान म्हातारा, बुधाजी नाव त्याचं. पेंढा भरलेला. मला वरून खालपर्यंत बघून म्हणतो, "बाय, तू तीच ना? दोघी पलायच्या त्यातली? तुझी जोडीदारीन कशी हाय?"

तुला बदलापूरला घेऊन आला तो हाच. हे मला माहीतच नव्हतं. गाडीतून आणलं एवढंच ऐकलं होतं. मी टेम्पो समजले होते. कुणाला विचारलंच नाही ना मी.

तो सांगत होता आणि मी बैलांबरोबर चालत होते. "दोन तास बसली व्हती कठड्यावर. मी जाताना बघितली, परत येताना बी तितंच. मी इचारलं, कोनी हाय का संगती? तं बोलली, नाय, एकलीच हाय. तोंड वांगनीकडं करून बसली व्हती. मी बोललो, बाय, बदलापूर इकडं. तं बोलली, ठावं हाय."

बकुळे, निरोप घेतलेली बाई दोन तास वांगणीकडे तोंड करून बसत नाही गं.

मी त्याच कठड्यावर बसले. घड्याळ चालूच होतं, ते बंद करायचंही भान राहिलं नाही. पंधरा मिनिटंसुद्धा बसवेना. दगड टोचतो, ऊन थेट तोंडावर येतं, आणि येणारीजाणारी माणसं बघतात. तू दोन तास कशी बसलीस?

आता लिहिते. नाही लिहिलं तर मला रात्रीची झोप नको आणि सकाळचं पळणं नको असं झालंय.

मला कळलं होतं. "येते गं मी" तू कोणत्या सुरात म्हणालीस ते मला तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्याच्या उंबऱ्यात चपला घालताना म्हणतो ना, त्या सुरात. सात वर्षं रोज सकाळी तुझा आवाज ऐकत होते. मला नाही कळणार तर कुणाला? मी मागे वळले, तुझा हात गुडघ्यावर होता तो बघितला, आणि मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. सेहेचाळीस मिनिटं. इतक्या लवकर आपण मोरीपाशी कधीच आलो नव्हतो. तुझ्यासाठी थांबले तर हे गेलं, असं मनात आलं. एवढंच मनात आलं. मग मी तुझ्या शब्दाचा मला सोयीचा अर्थ काढला आणि पळाले.

आणि खरं सांगू? त्यानंतर मी फार छान पळाले. हलकं हलकं वाटत होतं. त्याआधीची दोन वर्षं तू मागे पडायचीस आणि मला दर वळणावर थांबावं लागायचं, त्याचा मला वैताग यायचा. टूम तुझी, आणि ओढत मी न्यायची! हे तुला कधी बोलले नाही, पण तुला दिसत होतं ना? म्हणून "थांब" म्हणाली नाहीस. मला थांबायला सांगायची तुला लाज वाटावी असं मी करून ठेवलं होतं. हे लिहिताना मला माझा इतका संताप येतोय की पेन कागदात रुततंय.

स्टेशनवर वाट पाहिली असं सगळ्यांना सांगितलं. वाट कसली पाहिली? चहा प्यायले, वडापाव खाल्ला, एक तास आठ मिनिटं म्हणून त्या चहावाल्यालासुद्धा सांगितलं. पहिली गाडी सोडली ती वडा गरम होता म्हणून. आणि दुसऱ्या गाडीत, बकुळे, रस्ता ज्या बाजूला दिसतो त्या बाजूला खिडकी रिकामी होती. मी दुसऱ्या बाजूला बसले. मुद्दाम.

झालं. हे ह्यांनाही सांगितलं काल. त्यांनी उठून चहा करून आणला. लग्नाला अठरा वर्षं झाली, पहिल्यांदा. साखर घालायला विसरले होते, मी तसाच प्यायले.

तुझा गुडघा मी परत देऊ शकत नाही. नोकरीही नाही. माफ कर म्हणायचं तर तेही किती सोपं आहे, दीड ओळीत होतं. तुला राग धरायचा तर धर, हक्क आहे तुझा. मी आता तुझ्याशी वाद घालणार नाही. (घालीन. पण ह्यावर नाही.)

रविवारचं मी बदललंय. कपाटातला कागद काढला, तुझ्या अक्षरातली शेवटची ओळ होती "उल्हासनगर ते कर्जत", तिच्यावर उलटा बाण काढला. पहिल्या गाडीने कर्जतला जाते आणि तिथून पळत निघते. नेरळ, वांगणी, मग ती मोरी. मोरीवर थांबेन. घड्याळ घरीच ठेवतेय, तेव्हा किती वेळ थांबले ते कुणी विचारू नये. मग बदलापूर, अंबरनाथ, आणि शेवट स्टेशनवर नाही, तुझ्या दारात, उल्हासनगर कॅम्प चार नंबरला. पंचेचाळीसच्या वर किती होतात ते ह्यांना मोजू दिलं नाही. जितके जास्त तितके माझ्या वाट्याचे.

उन्हामुळे उशीर होईल. एक वाजेल, दोन वाजतील, चालत आले तर तीन. तोंड लाल, केस विस्कटलेले, पायात तळ शिवून घेतलेले हे यूएसएचे बूट, म्हणजे तुमच्या उल्हासनगरचे. सासूबाईंनी "झोपलीय" म्हटलं तर मी पायरीवर बसेन. किती तास बसतात ते आता मला माहीत आहे. तू दार उघड की उघडू नकोस, तुझं तू ठरव. पण झोपलीय असं सांगायला लावू नकोस. त्या म्हाताऱ्या बाईला खोटं बोलायला जड जातं, मला दोन्ही वेळा दिसलं.

एवढ्यासाठीच हे पत्र आजच्या टपालात पडायला हवं. पत्र संपवताना काय लिहायचं ते आत्ता दहा मिनिटं बघत बसले होते. दुसरा शब्दच नाही आपल्याकडे.

येते गं मी.

कुंदा