अनुजाचे दोन पासपोर्ट

२ जून १९९७, बिशान, सिंगापूर

अनुजाला अमेरिकेचा व्हिसा मिळत नाहीये! ऐकलं आणि मला चक्क आनंद झाला. आई म्हणून लाज वाटायला हवी, पण झाला खरा. म्हटलं, चला, लेक घरात राहिली.

पण कसलं काय! वकिलातीतली बाई तिला म्हणाली, तुमचा जन्म ह्यूस्टनचा, तुम्ही अमेरिकनच. तुम्हाला व्हिसा कसला द्यायचा? अमेरिकन पासपोर्टवरच जा.

ते ह्यूस्टनही माझ्यामुळेच. तेव्हा बायका नवऱ्याबरोबर जहाजावर जायच्या. रघुवीर नुकता इंजिनियर झाला होता, मीही हौसेने गेले. बाळंतपणाआधी घरी परतायचं ठरलं होतं, पण ही बया वेळेआधीच आली. जहाज बंदराला होतं म्हणून, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. बाप सिंगापूरचा म्हणून ती इथली, जन्म तिथला म्हणून तिथली. लाल पासपोर्ट इथला, निळा तिथला. निळा आजवर कपाटातच पडून. मुदत संपली की रघुवीर नवा करून आणतो, एवढंच.

४ जून

डोकं उठलंय. लालवर जायचं की निळ्यावर? चांगी विमानतळावर निळा दाखवला आणि इथलं नागरिकत्व गेलं तर? रघुवीर समुद्रावर, विचारू कुणाला! शेवटी पासिर रिसला कमलाकर भावजींना फोन लावला. रघुवीरचे जुने कॅप्टन, आता निवृत्त.

"वहिनी, ज्या देशाच्या दारात उभं राहायचं, त्याचाच पासपोर्ट पुढे करायचा. चांगीला जाता-येता लाल. अमेरिकेत शिरताना, निघताना निळा. इथे विमान कंपनीच्या काउंटरवर मात्र निळा. तिकडे उतरू देतील की नाही, एवढंच त्यांना बघायचं असतं."

एवढं सोपं! मी उगाच दोन दिवस जीव आटवला. पण मग भावजी हळूच म्हणाले, "एकविसावं पूर्ण झालं की वर्षभरात एकच ठेवायचा हं. इथल्या नागरिकत्वाची शपथ घ्यायची, अमेरिकेचं सोडायचं. नाहीतर इथलं जातं."

सप्टेंबरात एकवीस पूर्ण!

९ जून

भांडण. मी म्हटलं, जायच्या आधी शब्द दे, शपथ इथलीच घेशील.

"मम्मी, रिलॅक्स लाह!" वाक्याच्या शेपटीला इथलं ते 'लाह' आहेच. "दोन महिन्यांची इंटर्नशिप आहे." मग म्हणाली, "आणि तू मागून घेतलास तर तो माझा शब्द कसा?"

तोंड वर करून बोलली! मी स्वयंपाकघरात गेले. शिरा केला. दोघींनी आपापल्या कोपऱ्यात बसून खाल्ला.

११ जून

भांडण मिटलेलं नाही. सॅक मात्र मीच भरतेय.

१५ जून

गेली.

आमच्या घरी जहाजाची रीत, पासपोर्ट सगळ्यांचे एकाकडे. जहाजावर ते कॅप्टनच्या तिजोरीत, आमचे माझ्या पर्समध्ये. काउंटरवर दाखवायचा की लगेच परत माझ्याकडे. अनुजाने विमान कंपनीला निळा दाखवला, सवयीने माझ्या हातात दिला. मी सवयीने पर्समध्ये टाकला! लाल घेऊन ती आत गेली. मी रुमाल काढायला पर्स उघडली — आत निळा!

खोटं कशाला लिहू? लगेच ओरडले नाही मी. निळ्याशिवाय तिला तिकडे कोण घेणार? आपोआप परत येईल. आणि माझ्यावर आळही नाही. हे सगळं डोक्यात आलं. काचेपलीकडे ती रांगेत उभी, पुढच्या म्हातारीची पिशवी धरून तिच्याशी हसत बोलत होती. किती खूश होती पोर!

मग अशी बोंब ठोकली की अख्खं चांगी वळून बघायला लागलं. "अनुजाऽऽ! निळा! अगं, निळा राहिला!" काचेवर धडाधड हात मारले. गार्ड धावत आला. "आंटी, आंटी, डोंट वरी लाह!" त्यानेच नेऊन दिला. ती तिकडे हसतही होती, डोळेही पुसत होती. मी तर भोकाडच पसरलं.

१७ जून

पोचली! निळा दाखवला आणि आत. "ऑफिसर म्हणाला, वेलकम होम! मला हसूच आलं, मम्मी."

मला नाही आलं.

६ जुलै

फोन आला. स्वतः वरण-भात लावते म्हणे. हिंग कुठे मिळतो, विचारत होती. जरा बरं वाटलं.

३ ऑगस्ट

अनुजाचा फोन. "मम्मी, ठरलं. सप्टेंबरात शपथ घेऊन टाकते, सिंगापूरची. खूश?"

इतके दिवस देवाकडे हेच मागत होते. आणि तोंडातून काय निघावं? "घाई कशाला गं? वर्ष आहे हातात. नीट विचार कर, मग ठरव."

मी म्हणाले हे! मी!